रविवारी येणारे पोयनाडकर सर

पोयनाडकर सरांना मी दोनदा ब्राह्मण केलं, एकदा ख्रिश्चन आणि एकदा, तेही त्यांच्या बायकोसमोर, मुसलमान. ते जे होते ते मात्र त्यांनी स्वतः सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. आणि कळल्यावर मी जे केलं, त्यापेक्षा कळलं नसतं तर बरं, असं आजही वाटतं.

साल चौसष्ट-पासष्टचं असेल. नागपुरात आमच्या शाळेत ते इतिहास शिकवायला आले तेव्हा मी तिथे मराठी शिकवत होतो. म्हणजे पगार त्याचा मिळत होता. खरं काम स्टाफरूममध्ये लोकांना हसवण्याचं. हजेरीपटावर त्यांचं नाव 'बी. आर. पोयनाडकर' एवढंच. मी परस्पर भालचंद्र रघुनाथ करून टाकलं. कोकणातलं आडनाव, घारे डोळे, शुद्ध बोलणं. आणखी काय पुरावा पाहिजे? माझ्या घरमालकीण वत्सलाबाई यांच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. भाडेकरू कोण, कुठला, काय खातो, याची चौकशी केल्याशिवाय त्या कुलूप काढत नसत. मी छातीठोकपणे सांगितलं, "बाई, एकदम सोवळा माणूस आहे. तुमच्याआमच्यापेक्षा कडक."

महिनाभराने वत्सलाबाईंनी मला अंगणात गाठलं.

"काहून गा मास्तर, तुमचे ते सोवळे मास्तर शनवारी चूलच नाही पेटवत. शुक्रवारी दिवा लावते त्यायची बायको, मंग दुसऱ्या दिवशी सांजवेळपर्यंत घरात जाळ नाही. हे कोनतं बरत आहे?"

"कोकणात शनीचं फार कडक असतं, बाई."

बाईंना पटलं. मलाही पटलं. पुढे एकदा सरांनी घरी बोलावलं. ताटात पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळांच्या फोडी. समोर बसून कसलीशी प्रार्थना चाललेली. मी मनात सत्यनारायण ठरवून प्रसादाला हात पुढे केला आणि सहज विचारलं, "सर, तुमच्यात पोथी वाचत नाहीत वाटतं? देशस्थ की कोकणस्थ आपण?"

"आम्ही बेने इस्राएल," सर म्हणाले. "यहुदी. हा मलिदा आहे, आमचा नवसाचा प्रसाद. बी म्हणजे बिन्यामिन, आर म्हणजे रूबेन. घ्या, पोहे घ्या."

"म्हणजे ख्रिश्चनच ना?"

"नाही."

"मग मुसलमान?"

सिपोराबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र, पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की उठून आत गेल्या. सर हसले नाहीत. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. फार पूर्वी अलिबागेकडे एक गलबत फुटलं, वाचलेली माणसं गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणू लागलं. "तेवढंच," सर म्हणाले. "त्यापुढे कोणी काही म्हटलं नाही. जगात जिथे जिथे आमची माणसं गेली तिथून हाकलली, जाळली. ह्या एका देशात दोन हजार वर्षांत कोणी बोट लावलं नाही."

हे वाक्य म्हणताना ते उजव्या हाताचं एक बोट उभं धरत. तो त्यांच्या अंगावरचा एकुलता एक दागिना म्हणा. त्यांचा मेहुणा इस्राएलात जाऊन स्थायिक झाला होता आणि चार-सहा महिन्यांनी निळ्या हवाई पत्रात लिहायचा: या, इकडे घर मिळतं, नोकरी मिळते. सर प्रत्येक वेळी उत्तरात तेच वाक्य लिहीत. "जायचं तर हाकललं म्हणून जायचं," ते मला म्हणाले होते. "इथे कोणी हाकलत नाही. मग उगीच कशाला?"

वत्सलाबाईंना मी खरं सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "जाऊ द्या बाप्पा. मानूस चांगला आहे. मटन आनलं त सांगा म्हना, मी खिडकी लावून घेतो."

सदुसष्टच्या जूनमध्ये तिकडे सहा दिवसांचं युद्ध झालं आणि आमच्या स्टाफरूमला अचानक साक्षात्कार झाला की आपल्यात एक विजेता बसला आहे. मी पुढाकार घेऊन पेढे आणले. छोटेखानी भाषण ठोकलं, त्यात शौर्य, शिस्त, बुद्धिमत्ता असं सगळं यहुदी रक्तात असल्याचं सिद्ध केलं. सरांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

"कवी," ते म्हणाले. मला ते कवीच म्हणत. "मी आयुष्यात कबुतरही मारलेलं नाही. आज तुम्ही मला न केलेल्या पराक्रमाचा पेढा देताय. उद्या न केलेल्या कशाचं तरी दुसरं काही द्याल. सवय एकच आहे."

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने. माणूस फार आंबट आहे, असं मी मागून म्हणालो.

शनिवारी ते येत नसत. जुन्या हेडमास्तरांशी त्यांचा तसा करारच होता: शनिवारी सुट्टी, बदल्यात रविवारी शाळेत येऊन पडेल ते काम. नकाशे चिकटवणं, लायब्ररी लावणं आणि गच्चीवरची पाण्याची टाकी धुऊन घेऊन तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकणं. हे शेवटचं काम कोणालाच नको असायचं. ते त्यांच्याकडे आलं आणि राहिलं.

त्यांच्या आणि माझ्या वर्गामध्ये पातळ लाकडी पार्टिशन होतं. माझ्या पोरांना कविता कमी आणि त्यांचा इतिहास जास्त ऐकू जायचा, मलाही. एकदा नववीतला भिंतीवरचा नकाशा फाटलेला निघाला. वर्गाने एका आवाजात वासुदेवचं नाव घेतलं. प्रत्येक वर्गात असा एक वासुदेव असतो, काही झालं की ज्याचं नाव तयारच असतं. सरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. एकीकडे लिहिलं 'पाहिलं', दुसरीकडे 'ऐकलं'.

"एकेकाने या आणि आपलं म्हणणं योग्य जागी लिहा."

"सर, मले वाटते का त्यानंच फाडला."

"वाटण्याला फळ्यावर जागा नाही. बस खाली."

तासाच्या शेवटी उजवी बाजू गच्च भरली, डावी कोरी. फळा त्यांनी दिवसभर पुसू दिला नाही. मी दुपारी विचारलं, "मग फाडला कोणी?"

"नाही कळलं."

"मग काय उपयोग झाला एवढ्या उठाठेवीचा?"

"न कळलेलं तसंच राहू द्यायला शिकवतोय, कवी. तिथेच माणसाचे हात शिवशिवतात."

त्याच सदुसष्ट साली, दिवाळीनंतर, ते युरोपातली महामारी शिकवत होते. कशाने मरतोय हे कोणाला ठाऊक नाही. मग कोणीतरी म्हणालं, यहुद्यांनी विहिरींत विष टाकलं. वस्त्याच्या वस्त्या जाळल्या. पार्टिशनपलीकडून कुसुमचा आवाज आला. कुसुम म्हणजे गणपत गवंड्याची मुलगी, वर्गात प्रश्न विचारणारी एकटीच.

"सर, पन यहुदीच काहून?"

सर म्हणाले, "शेकडो वर्षं त्यांच्याबद्दल धर्मोपदेशक सांगत आले होते की ह्यांनी आमच्या देवाला मारलं. त्यांना जमीन घेऊ देत नव्हते, कारागिरी करू देत नव्हते. व्याजबट्टा तेवढा करू दिला आणि मग व्याजबट्टा करतात म्हणून शिव्या दिल्या. वस्ती वेगळी, सुट्टीचा वार वेगळा, जेवण वेगळं. लांबून ओळखू यायचे. रोग कोणाला दिसत नव्हता, कुसुम. यहुदी दिसत होता."

"आमच्या आजीच्या गावी एका बाईले करनीवाली म्हनून मारलं," कुसुम म्हणाली. "तिले बी मागंपुढं कोनी नव्हतं."

"मग तुला उत्तर येत होतं की. मला कशाला विचारलंस?"

वर्ग हसला. कुणीतरी धीर करून म्हणालं, "सर, तुमी बी यहुदीच ना?"

"मी बी. म्हणून माझ्यावर लक्ष ठेवा, रविवारी टाकीकडे चाललो की."

ह्यावर वर्ग आणखी हसला, आणि पार्टिशनच्या अलीकडे मी हे वाक्य उचलून खिशात टाकलं. चांगला विनोद रस्त्यात पडलेला दिसला की मला राहवत नाही. तो कोणाच्या खिशातून पडला, हे मी कधी बघितलेलं नाही.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग. फिशपॉन्ड हा माझा हुकमी प्रांत. चिठ्ठ्या निनावी असतात, बिस्किटाच्या डब्यातून निघतात, पण त्यांतल्या निम्म्या माझ्या हे शाळेच्या घंटेलाही ठाऊक होतं. सरांच्या नावाची चिठ्ठी निघाली आणि माइकवरून वाचली गेली:

सगळी शाळा शनिवारी, हे येती रविवारी,
टाकीत काय घालता हो, एकटे दुपारी?

मंडप कोसळला. सर स्वतः मांडीवर हात मारून हसले. मी कृतार्थ झालो. यमक सोपं, ताल पक्का. दुसऱ्या दिवसापासून पोरं मधल्या सुट्टीत त्यावर दोरीच्या उड्या मारायला लागली.

फेब्रुवारीच्या शेवटी काविळीची लागण झाली. आधी पाचवीतली दोन पोरं, मग एकेका वर्गातली, मग दोन शिक्षक. सगळ्यांत समान काय, तर शाळेचं पाणी. होळीच्या आदल्या आठवड्यात कुसुम दवाखान्यात वारली.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेने नव्या मुताऱ्या बांधल्या होत्या. ठेका संस्थेचे सेक्रेटरी भैयासाहेब यांच्या साडूकडे. मुताऱ्यांची नाली पाण्याच्या पाइपाला खेटून खणलीय, जोड गळतोय, हे सरांनी नोव्हेंबरातच हेडमास्तरांना लिहून दिलं होतं. हे स्टाफरूममध्ये सर्वांना माहीत होतं. पण नालीला चेहरा नसतो आणि साडूंना भाऊबंद फार. उलट रविवारी एकटा येऊन टाकीत पांढरी पूड टाकणारा माणूस समोरच होता, आणि त्याच्यावर तयार कविताही होती. पोरांनी ती घरी नेली. पोरांच्या तोंडात ती उडीचं गाणं होती. आईबापांच्या कानात गेली तेव्हा ते गाणं उरलं नव्हतं.

पालकांची सभा भरली. हॉल खच्चून भरलेला. आम्ही शिक्षक पुढच्या बाकांवर. एक गृहस्थ उठले. "मी सोता पाहिलं. गच्चीवर ह्या मास्तरनं टाकीत पूड टाकली."

सर उभे राहिले. "बरोबर पाहिलंत. ब्लीचिंग पावडर. तुम्ही पूड पाहिलीत. विष पाहिलंत का?"

"विष का दिसते?"

"मग विष आहे हे कोणी सांगितलं?"

"सबन म्हनतात."

"तुम्हाला कोणी सांगितलं? एकाचं नाव सांगा."

"माह्या पोट्ट्यानं."

"त्याला कोणी सांगितलं?"

"गॅदरिंगमधी. माइकवरून सांगितलं म्हनते तो."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. भैयासाहेबांनी चष्मा काढला. "गॅदरिंगमध्ये असं कोणी म्हटलं? कोणी लिहिलं होतं ते?"

माझ्या रांगेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळे आपापले बूट न्याहाळू लागले. मी छताच्या पंख्याकडे बघितलं. त्या पंख्याच्या एका पात्याला पोचा होता. तीस वर्षांपूर्वीची कुठलीही गोष्ट विचारा, मला धड आठवणार नाही. तो पोचा आठवतो. हेडमास्तर म्हणाले, "फिशपॉन्ड निनावी असतात, भैयासाहेब."

सरांची नजर आमच्या रांगेवरून फिरली. माझ्यावर आली आणि न थांबता पुढे गेली.

"ते सोडा," ते म्हणाले. "मुताऱ्यांमागची जमीन खणून बघा. एका तासाचं काम आहे. नोव्हेंबरात मी लिहून दिलंय."

"सर, विषय नका बदलू," भैयासाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले. "एक पोरगी गेली आहे. लोकांच्या भावना समजा. आपल्यावर आमचा काही आरोप नाही. फक्त चौकशी होईस्तोवर आपण घरीच थांबा."

सभा शांत झाली. कोणी अंगावर गेलं नाही, कोणी ओरडलं नाही. सगळ्यांना एकदम बरं वाटलं. ताप उतरल्यावर वाटतं तसं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं.

चार दिवसांनी वत्सलाबाई सरांच्या दारात उभ्या राहिल्या. "मी जागा खाली करा नाही म्हनत. तुमी चांगले लोक आहा. पन काही दिवस माह्या विहिरीचं पानी नका भरू. लोक बोलून राहिले."

सरांनी मान डोलावली. त्या दिवसापासून सिपोराबाई रस्त्याच्या टोकाच्या नळावर रांगेत उभ्या राहू लागल्या. त्या आल्या की रांग थोडी पुढेमागे व्हायची, त्यांच्या बादलीच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा सुटायची. हे मी माझ्या खिडकीतून पाहत असे. खिडकीतून मला बरंच दिसतं.

परीक्षा संपल्या, शाळा बंद झाली. सुट्टीत कोणी बघत नसताना भैयासाहेबांच्या साडूंनी मुताऱ्यांमागे खणलं, पाइप बदलला, वर सिमेंट ओतलं. संस्थेकडून सरांना दोन ओळींचं पत्र आलं: चौकशीत काही आक्षेपार्ह आढळले नाही, जूनपासून रुजू व्हावे. पालकांना कोणी काही कळवलं नाही. ज्याने विष टाकलं नाही त्याने टाकलं नाही, हे माइकवरून सांगायची पद्धत नाही.

सरांनी राजीनामा दिला. मेहुण्याला पत्र टाकलं. त्या पत्रात ते नेहमीचं वाक्य नसणार.

मे महिन्यात, ते जायच्या आठवड्यात, मी एका दुपारी धीर करून त्यांच्याकडे गेलो. दोन ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. सिपोराबाई आत भांडी गुंडाळत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि हातातलं काम चालू ठेवलं. मी चहा नको म्हणालो. तो कोणी विचारला नव्हता.

"सर, ती चिठ्ठी—"

"अक्षर तुमचं होतं. जानेवारीतच ओळखलं. तेव्हा आवडली होती मला."

"मग सभेत सांगितलं का नाही? भैयासाहेबांनी विचारलं होतं. माझं नाव घेतलं असतं तर तुम्ही सुटला असता."

"सुटलो असतो." ते ट्रंकेवर बसले. "त्यांना एक माणूस पाहिजे होता. मला सोडून तुम्हाला धरलं असतं. पाइप तसाच राहिला असता. त्यांच्या हातात दुसरा माणूस द्यायचा नाही, एवढंच माझ्या हातात होतं."

मला वाटली ती बहुधा कृतज्ञता असावी. ती फार वेळ टिकू दिली नाही त्यांनी.

"तुम्ही मात्र स्वतः उठू शकला असता, कवी. ते वेगळं. 'मी लिहिलं, गंमत होती, त्यात काही खरं नाही.' तीन वाक्यं. तुम्ही एवढं बोलता एरवी."



तेवढ्यात फाटक वाजलं. गणपत गवंडी होता, कुसुमचा बाप. अंगात कामाचाच सदरा, खांद्यावर पहार. तो पायरीवर चढला नाही.

"मास्तर, तुमी जाऊन राहिले म्हनते."

"हो. ह्याच आठवड्यात."

"जाच्या आंधी मले एक सांगा. माही पोरगी काहून गेली?"

गणपत उभाच होता. "लोक तुमचं नाव सांगतेत. मी बी सांगत व्हतो. मंग परवा शाळेमागून गेलो, त मुताऱ्यांमागं सिमिट दिसलं. मी गवंडी आहो. सिमिट जुनं का ताजं, मले हात लावला की समजते. ताजं आहे. काहून आहे ताजं?"

"मी सांगितलं तर ते तुम्ही माझ्याकडून ऐकलेलं होईल, गणपतराव. चला, खणून बघू. काढलेला फुटका पाइप त्यांनी लांब नेला नसेल, आळशी लोक आहेत. तिथेच मातीत गाडला असेल."

"मास्तर, कोनी अडवलं त?"

"अडवू दे."

सिपोराबाई दारापर्यंत आल्या. "पाच दिवस राहिलेत जायला," त्या सरांना म्हणाल्या. "आता कशाला? ज्यांनी खणायला हवं होतं त्यांनी नाही खणलं."

"त्याची मुलगी होती," सर म्हणाले. त्या आत गेल्या आणि पंचा ओला करून घेऊन आल्या. सरांनी तो डोक्याला गुंडाळला, चपला घातल्या, आणि माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात, तास बदलून मागावा तसं, विचारलं, "येता का, कवी? मी पाच दिवसांनी नसणार. गणपतरावांचं शाळेत कोण ऐकणार? इथे राहणाऱ्या, शाळेत नोकरी करणाऱ्या एकाने तरी पाइप बघितलेला बरा."

भैयासाहेबांकडे माझ्या कायम होण्याचा कागद पडलेला होता. हे मी तेव्हा मनात आणलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो. "मी आलोच."

दोघे निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, ऊन डोळ्यांत खुपत होतं. गणपत पुढे, सर त्याच्या मागे, घाई न करता. चौकाशी पोचल्यावर सर थांबले आणि त्यांनी मागे वळून बघितलं. मी फाटकात उभा होतो. येतो, अशा अर्थाने मी हात वर केला. त्यांनी मान हलवली आणि ते शाळेच्या बाजूला वळले.

चपला माझ्या पायातच होत्या.